अतिसंवाहकता, अपारंपरिक (स्तरित पदार्थांतील)

ठरावीक तापमानाखाली पदार्थाचा विद्युत् रोध नाहीसा होणे म्हणजे अतिसंवाहकता; ती इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळल्याने येते. या जोड्या जुळण्यामागे जालकाची (स्फटिकातील अणूंच्या मांडणीची) कंपने हे मुख्य कारण नसते, किंवा जोडीच्या तरंगफलनाची (तिची क्वांटम स्थिती सांगणाऱ्या फलनाची) सममिती स्फटिकाच्या सममितीहून कमी असते, तेव्हा अतिसंवाहकतेला अपारंपरिक म्हणतात. दुसरा निकष प्रयोगाने थेट तपासता येतो, म्हणून तो अधिक ग्राह्य. नुसत्या स्तरित रचनेवरून काही ठरत नाही. मॅग्नेशियम डायबोराइड स्तरित असून ३९ केल्विनपर्यंत (के.) अतिसंवाहक असते, तरी त्याचा उलगडा कंपनांवरूनच होतो.

या शाखेचा आरंभ बहुधा १९८६ मधील बेडनॉर्ट्स व म्यूलर यांच्या लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडापासून धरतात. श्टेग्लिख व सहकाऱ्यांचे सिरियम-कॉपर-सिलिकॉन संयुग (१९७९, सुमारे ०.५ के.) मात्र त्याआधीचे आहे. १९८७ मध्ये यिट्रियमयुक्त क्युप्रेटाने (कॉपर-ऑक्सिजनाचे स्तर असलेल्या ऑक्साइडाने) ९० के. ओलांडले आणि ७७ के.चा द्रव नायट्रोजन शीतनाला पुरेसा ठरला. नागपूर भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या मात्रा ठेवतात, तोच हा द्रव. सामान्य दाबाला क्युप्रेटांची मजल सुमारे १३५ के.पर्यंत जाते. ‘कक्ष तापमान’ अजून दूर आहे. ते २५° से. धरतात, मे महिन्यातल्या नागपूरचे नव्हे.

क्युप्रेटांतील जोडी डी-तरंग प्रकारची आहे, म्हणजे कॉपर-ऑक्सिजन स्तरात ९०° वळल्यास तिच्या तरंगफलनाचे चिन्ह बदलते. १९९४ मध्ये त्सुई, कर्टली व सहकाऱ्यांनी तीन स्फटिक-दिशांच्या सांध्यावरील कड्यात अर्धा फ्लक्स क्वांटम (कड्यातून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहाच्या मूलभूत मात्रेचा अर्धा भाग) आपोआप निर्माण झालेला दाखविला; हा चिन्हबदलाचा पुरावा. त्याच पटलावरची इतर कडी रिकामी होती. जोड्या प्रतिलोहचुंबकीय परिवलनांच्या (शेजारशेजारी उलट दिशांना असणाऱ्या इलेक्ट्रॉन-स्पिनांच्या) चढउतारांमुळे जुळत असाव्यात, याकडे बहुतेकांचा कल आहे. अँडरसन, बास्करन प्रभृतींनी १९८७ च्या सुमारास मांडलेला रेझोनेटिंग व्हॅलन्स बाँडचा (शेजारच्या इलेक्ट्रॉनांचे उलट परिवलनांचे बंध सतत बदलत राहतात, असा) विचार वेगळ्या वाटेने जातो.

स्ट्राँशियम रुथेनेटाचा (१९९४, शुद्ध नमुन्यात १.५ के.) वाद अधिक बोधप्रद आहे. १९९८ मध्ये ऑक्सिजन अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनात अतिसंवाहक संक्रमणाच्या तापमानाखाली नाइट विस्थापन (इलेक्ट्रॉनांच्या परिवलनांमुळे अनुस्पंदनाच्या वारंवारतेत पडणारा फरक) बदललेले दिसले नाही; उलट परिवलनांच्या जोडीत ते घटले असते. त्यावरून जोडी त्रिक, म्हणजे समांतर परिवलनांची, ठरली आणि हे मत दीर्घकाळ प्रचलित राहिले. २०१९ मध्ये कमी ऊर्जेचे स्पंद वापरताच विस्थापन घटलेले आढळले. पूर्वीच्या स्पंदांनी नमुनाच तापत होता. त्रिक जोडीचा दावा आता दुबळा झाला आहे, पण म्युऑन (इलेक्ट्रॉनासारखा, पण जड कण) वापरून केलेल्या प्रयोगांत दिसणारा काल-प्रत्यावर्तन सममितीचा (काळाची दिशा उलटली तरी स्थिती तीच राहण्याचा) भंग एकल, म्हणजे उलट परिवलनांच्या, जोडीच्या साध्या चित्रातही सहज बसत नाही.

लोहयुक्त संयुगे (२००८) व सुमारे १.१° कोनाने वळविलेले द्विस्तरी ग्राफीन (२०१८) ही पुढील उदाहरणे. निकेलेटांतील (निकेलयुक्त ऑक्साइडांतील) अतिसंवाहकता प्रथम २०१९ मध्ये पातळ पटलांत आढळली. २०२३ मध्ये लँथॅनम निकेलेटात उच्च दाबाखाली ती सुमारे ८० के.ला मिळाल्याचे प्रसिद्ध झाले.