टीडीएस शंभरच्या आत, तरी टाकीसाठी निरुपयोगी

जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर पहिल्या नंबराने पास होतं. चिऱ्याच्या थरांतून झिरपताना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम फारसं मिसळत नाही. त्यामुळे गोव्यात बऱ्याच विहिरींवर मीटर शंभराच्या आतबाहेरचा आकडा दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे. मग हे पाणी मीठ घालून समुद्री मासे आणि प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत थेट ओतायला काय हरकत, असं वाटतं.

हरकत आहे, कारण मीटर फक्त पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. ते क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. सिलिका वीज जवळजवळ वाहतच नाही, पण टाकीतल्या काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढवायला ती पुरते. कीटकनाशकं आणि जिवाणूही मीटरला दिसत नाहीत.

तांब्याचं उदाहरण घ्या. त्याच मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत सूट आहे. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या परजीवींवर औषध म्हणून तांबं वापरतात, तेव्हा लिटरला ०.१५ ते ०.२ मिलीग्रॅम एवढंच ठेवतात. त्या मात्रेत मासे तगतात, कोळंबी, शंखवर्गीय प्राणी आणि प्रवाळ मात्र मरतात. माणसाला चालणारं पाणी कोळंबीला विष ठरू शकतं, आणि ०.२ मिलीग्रॅमचा फरक टीडीएस मीटरवर दिसतसुद्धा नाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे पितळी नळात रात्रभर साचलं की ते धातू ओढून घेतं. म्हणून सकाळचं पहिलं पाणी घेऊ नये, गिझरचं तर कधीच नाही. तांब्याच्या हंड्यात साठवणं पिण्याला कितीही चांगलं मानलं, तरी इथे बाद. तांब्यासाठी वेगळं चाचणी-किट मिळतं, ते एकदा तरी वापरावं.

दुसरा घोळ बाष्पीभवनाचा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून रोजची भर गोड्या पाण्यानेच घालावी लागते. समजा १०० लिटरच्या टाकीतून रोज १ लिटर उडतं आणि भरीच्या पाण्यात लिटरला १० मिलीग्रॅम नायट्रेट आहे. वर्षभरात त्या टाकीत लिटरमागे ३६ मिलीग्रॅमहून जास्त नायट्रेट नुसत्या भरीतून येतं, माशांची घाण वेगळी. म्हणून लक्ष्य ‘कमी टीडीएस’ नाही, शून्य.

शून्यावर यायचं तर आरओ (पाणी दाबाने मेंब्रेनमधून, म्हणजे बारीक पडद्यातून गाळणारं यंत्र) आणि त्याच्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी), दोन्ही हवं. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. त्यात बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, आणि तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. शिवाय मेंब्रेनला किमान ४० पीएसआय दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून ६ मीटर खाली आलेलं पाणी जेमतेम ९ पीएसआय देतं, त्यामुळे बूस्टर पंपाशिवाय गत्यंतर नाही.

मीटर तीन ठिकाणी लावावा: येणाऱ्या पाण्यावर, मेंब्रेननंतर आणि रेझिननंतर. आत १५० आणि मेंब्रेननंतर ६ आलं तर ९६ टक्के क्षार अडले, ठीक. अडवण्याचं प्रमाण ९० टक्क्यांखाली गेलं तर आधी दाब तपासावा, मग मेंब्रेनला दोष द्यावा. रेझिननंतर १ दिसताच रेझिन बदलावं. पाचची वाट पाहू नये, कारण सर्वांत सैल धरलेली सिलिका आधीच सुटू लागलेली असते. यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं आकडा चढा असतो. बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजू हळूहळू सारख्या होतात, म्हणून पहिले एक-दोन लिटर झाडांना घालावेत.

विहिरीचं पाणी असेल तर रेझिन अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर संपतं. कार्बन डायऑक्साइड हा वायू मेंब्रेनमधून सरळ निघून जातो आणि रेझिन खाऊन टाकतो. उपाय स्वस्त आहे: पाणी आधी पिंपात भरून एअर पंपाने २४ तास बुडबुडे सोडावेत, मग आरओला जोडावं.

गोव्यातल्या ओपा किंवा साळावली प्रकल्पाचं नळाचं पाणी असेल तर मुख्य शत्रू क्लोरीन. ते मेंब्रेन कायमचं खराब करतं. क्लोरीन अडवणाऱ्या कार्बन फिल्टरनंतरच्या पाण्यात क्लोरीन किटचे थेंब टाकावेत. पिवळसर झाक आली की कार्बन संपला. पावसाळ्यात नदी गढुळते तेव्हा ही चाचणी दर आठवड्याला करावी आणि गाळाचं ५ मायक्रॉनचं फिल्टरही पाहावं.

टाकीसाठीचं समुद्री मीठ, म्हणजे क्षारांचं तयार मिश्रण, नेहमी पाण्यात घालावं, मिठावर पाणी ओतू नये. नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गढूळपणा येतो, तो नंतर विरघळत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात उघड्या पिशवीतलं मिश्रण ओलावा ओढतं, म्हणून वजनावर विसंबू नये, खारटपणा दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजावं. तो तपासायला ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावं. त्यावर ३५ (हजारात ३५ भाग) दिसलं पाहिजे. तेवढ्यापुरतं साधं मीठ चालतं, टाकीत मात्र मिठागरातलं मीठ नको. मिठागरात सोडियम क्लोराइडचे खडे बनतात तेव्हा मॅग्नेशियम बरंचसं उरलेल्या पाण्यातच राहतं. आणि मिरामारचं पाणी कळशीने आणायचा विचार असेल तर जुलैत नकोच, तेव्हा मांडवी समुद्राला गोडं करून टाकते.

शेवटची चाचणी साठवणीच्या पिंपाची. शून्यावर भरलेलं पाणी दोन-तीन दिवसांनी ३ किंवा ४ दाखवत असेल तर पिंप किंवा त्यातला पंप तपासावा. आवरण फुटलेला पंपाचा चुंबक गंजत असतो, आणि पंप उघडल्यावर त्याच्या दांड्याभोवती तांबूस कडं दिसतं.