एस-क्लास आणि मायबाख एस-क्लास: फरक १८ सेंटिमीटरचा

पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यात जुळणी होणाऱ्या मर्सिडीजच्या या दोन गाड्यांमध्ये लोकांची गल्लत हमखास होते. लांबलचक काळी एस-क्लास दिसली की "मायबाख आली" म्हणणारे भेटतात, आणि खरी मायबाख समोर उभी असताना "एस-क्लासच आहे, जरा क्रोम जास्त लावलंय" म्हणून पुढे जाणारेही भेटतात. दोन्हींच्या बोनेटवर मर्सिडीजचाच तारा असतो, तेव्हा गोंधळ साहजिक आहे. इथे मी २०२० साली आलेल्या पिढीबद्दल लिहितोय, जिला गाड्यांचे शौकीन डब्ल्यू २२३ म्हणतात.

ओळखायचं असेल तर थेट मागच्या दाराकडे पाहा. एस-क्लासमध्ये मागची छोटी काच दारातच बसवलेली असते, दार उघडलं की तीही दाराबरोबर बाहेर येते. मायबाखमध्ये ती काच दाराच्या मागच्या खांबात, म्हणजे बॉडीत असते. उभ्या पट्ट्यांची ग्रिल, बोनेटच्या मधोमध गेलेली क्रोमची पट्टी, खांबावरचं जोड-एमचं चिन्ह या खुणा दुय्यम धरा, कारण ग्रिल आणि बिल्ले बाजारात विकत मिळतात. काचेची जागा कुणाला बदलता येत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने तर ही एक गोष्ट आधी बघावी.

गल्लत होण्याचं मूळ इतिहासात आहे. विल्हेल्म मायबाख हा मोटारीच्या जनकांपैकी एक असलेल्या गॉटलिब डाइमलरचा सहकारी, १९०१ च्या पहिल्या मर्सिडीजची रचना त्याचीच. त्याचा मुलगा कार्ल हा झेपेलिन नावाच्या हवाईजहाजांची इंजिनं बनवायचा आणि १९२१ पासून त्याने स्वतःच्या नावाच्या मोटारी काढल्या. १९६० मध्ये ती कंपनी डाइमलर-बेंझने घेतली. २००२ मध्ये मायबाख ५७ आणि ६२ या नावांनी स्वतंत्र गाड्या आल्या, पण त्या पुरेशा खपल्या नाहीत आणि दहा वर्षांत बंद झाल्या. २०१४ च्या अखेरीस हे नाव परत आलं ते एस-क्लासच्या सांगाड्यावर, आणि चाकणला २०१५ पासून मायबाखची जुळणी होऊ लागली. म्हणजे आजची मायबाख ही एस-क्लासच आहे हे म्हणणं चूक नाही. मात्र तेवढ्यावर थांबलं की खरा फरक हातातून निसटतो.

तो फरक आकड्यांत बघू. लांब व्हीलबेसच्या एस-क्लासमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३२१६ मिलिमीटर, मायबाखमध्ये ३३९६. गाडीची एकूण लांबी एकीची ५२८९, दुसरीची ५४६९. दोन्हीकडे वाढ नेमकी १८० मिलिमीटर. याचा अर्थ नाक लांबलेलं नाही, डिकी लांबलेली नाही. वाढवलेला प्रत्येक मिलिमीटर दोन चाकांच्या मध्ये गेला, आणि तो सगळा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे खर्च झाला आहे.

१८ सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण एस-क्लासमध्ये मागे पूर्ण पाय पसरून बसायचं तर काय करावं लागतं ते पाहा. पुढची डावी सीट डॅशबोर्डपर्यंत ढकलावी लागते. मग तिथे कुणी बसू शकत नाही. म्हणजे एस-क्लासमध्ये खरी आरामाची जागा एकच, मागे डावीकडे. ड्रायव्हरच्या मागे बसलेला माणूस चांगल्या सीटवर असतो, पण तेवढा ऐसपैस नसतो, कारण ड्रायव्हरची सीट पुढे ढकलता येत नाही. मायबाखमध्ये उजवीकडचा माणूसही पाठ मागे टाकून पाय लांब करू शकतो. आई-वडिलांना मागे बसवून लांबच्या प्रवासाला न्यायचं असेल, तर दोघांना सारखाच आराम मिळणं ही मला चांदीचा मुलामा दिलेल्या पेल्यांपेक्षा आणि मधल्या फ्रीजपेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट वाटते. पोटऱ्यांना मसाज देणारा पायटेकू आणि मागच्यांच्या मानेला-खांद्यांना ऊब देणारी सोयही मायबाखमध्ये आहे. मागची दारं विजेवर उघडतात-मिटतात, तीही उपयोगाचीच, कारण इतकं लांब दार आतून ओढून घ्यायला हात पुरत नाही.

रेलून बसण्यात एक धोका असतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पाठ मागे टाकलेली असताना गाडी धडकली, तर कंबर सीटबेल्टच्या पट्ट्याखालून पुढे सरकते आणि पट्टा पोटात रुततो. आतल्या अवयवांना त्यातून गंभीर इजा होऊ शकते. मर्सिडीजच्या रेलणाऱ्या सीटमध्ये बैठकीच्या पुढच्या भागाखाली एक एअरबॅग असते. ती फुगून मांड्या उचलून धरते आणि कंबरेला जागेवरून सरकू देत नाही. शिवाय या पिढीत पुढच्या सीटच्या पाठीतून उघडणारी, मागच्या प्रवाशांसाठीची समोरची एअरबॅग आली. हे काम एस-क्लासचं आहे, मायबाखने ते वारशात घेतलं. साध्या गाड्यांमध्ये सीट रेलता येते म्हणून कौतुक होतं तेव्हा मला हा प्रश्न विचारावासा वाटतो: सीट रेलते, पण मग पट्ट्याचं काय?

इंजिनात मात्र दोघींचे रस्ते वेगळे होतात. भारतात जुळणी झालेली एस ४५० ही ३ लिटरच्या सरळ सहा सिलिंडरवर चालते, ३६७ अश्वशक्तीची. मायबाख एस ५८० मध्ये ४ लिटरचा व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचा, ५०३ अश्वशक्ती आणि ७०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ. मायबाखचीच एस ६८० पूर्ण आयात होते. तिच्यात ६ लिटरचा व्ही-१२, ६१२ अश्वशक्ती आणि ९०० न्यूटन-मीटर. सिलिंडर वाढले की ताकदीबरोबर सलगपणाही वाढतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा, १२० अंश फिरल्यावर पुढचा ठोका येतो, आठमध्ये ९० अंशांनी, बारामध्ये ६० अंशांनी. ठोके जितके जवळ तितकी इंजिनाची ओढ अखंड. तरीही मी व्ही-८ च सुचवेन. तिच्यात आणि सहा सिलिंडरवालीत ४८ व्होल्टचा स्टार्टर-जनरेटर आहे, त्यामुळे सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू झाल्याचं मागे जवळजवळ कळत नाही. व्ही-१२ मध्ये ही सोय नाही, आणि शहरातल्या रहदारीत ती रोज लागते.

चालवण्यातही मायबाखचा कल स्पष्ट आहे. तिच्यात मायबाख नावाचा खास ड्रायव्हिंग मोड आहे: गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुटते, अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मंद ठेवलेला असतो, गिअर कमी वेळा बदलतात. हे सगळं मागच्या माणसाची मान हलू नये म्हणून. शांततेसाठी रस्त्याच्या आवाजाच्या उलट लहरी स्पीकरमधून सोडण्याची यंत्रणा आहे. ती खालच्या पट्टीतली घरघर कमी करते, उंच आवाज काचा आणि फोम अडवतात.

स्वतः स्टिअरिंग धरायला आवडत असेल तर एस-क्लास घ्या, हे माझं ठाम मत. एअर सस्पेन्शन दोन्हीकडे आहे आणि मागची चाकंही वळण्याची सोय दोघींना मिळते. पण लांबी कमी असलेली गाडी चिंचोळ्या गल्लीत आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सोपी जाते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर हा वेगळा विषय. जमिनीपासून उंची तेवढीच ठेवून चाकांमधलं अंतर वाढवलं, तर उंचवटा गाडीच्या पोटाला घासण्याची शक्यता वाढते. सस्पेन्शन उंच करण्याचं बटण असतं, ते मायबाखच्या ड्रायव्हरने विसरून चालणार नाही.

चाकणच्या एस ४५० ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत २०२१ मध्ये १.६२ कोटी होती, मायबाख एस ५८० ची २०२२ मध्ये २.५ कोटी. मधल्या ८८ लाखांत व्ही-८ येतो आणि ते १८ सेंटिमीटर येतात. ट्रायलला गेलात तर स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या आणि मागे बसा. तेही डावीकडे नाही, ड्रायव्हरच्या मागे, ड्रायव्हरची सीट त्याच्या उंचीप्रमाणे लावून झाल्यावर. आधी एस-क्लासमध्ये, मग मायबाखमध्ये.