भूसुरुंगातलं स्फोटक थेट ओळखण्याची खटपट

अंगोलात अलीकडेच हातात धरून वापरायच्या एका यंत्राच्या मैदानी चाचण्या झाल्या. यंत्र ऑस्ट्रेलियातल्या एमरीड या कंपनीचं, आणि सोबतीला सुरुंग काढण्याचं काम करणारी हॅलो ट्रस्ट ही संस्था. हे यंत्र जमिनीत धातू शोधत नाही. चुंबकीय अनुनादाच्या, म्हणजे अणुकेंद्रकं रेडिओ लहरींना देतात त्या प्रतिसादाच्या, आधारे ते थेट स्फोटकच ओळखतं. बातमी छोटी असली तरी तिच्यामागे पाऊणशे वर्षांचं काम आहे.

सुरुंग शोधणं म्हणजे काय, हे बॉम्बे सॅपर्सना, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या आपल्या खडकीच्या पलटणीला, वेगळं सांगावं लागत नाही. १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, माघार घेणाऱ्या इटालियन फौजेच्या मागावर निघालेल्या तुकडीत याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत सगळ्यांत पुढच्या गाडीत होते. चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं त्यांनी हुडकली आणि उभं राहून साफ करून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, एका कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस घ्यायला त्यांनी नकार दिला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नजर, हात आणि संगीन, एवढ्यावरच तेव्हा सॅपरची भिस्त असे.

पुढच्याच वर्षी चित्र पालटलं. ब्रिटनमध्ये आश्रयाला आलेले पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी एका माणसाला उचलून नेता येईल असा मेटल डिटेक्टर तयार केला. इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईसाठी असे ५०० डिटेक्टर पाठवले गेले. जर्मनांनी त्यावर तोड काढायला फार वेळ लावला नाही. त्यांनी लाकडी पेटीतले सुरुंग बनवले, काचेचेसुद्धा बनवले. युद्धानंतर प्लास्टिक आलं, आणि काही सुरुंगांत धातू म्हणून जेमतेम एखादी पिन आणि स्प्रिंग उरली. भारतीय लष्कराकडचा एम-१४ हा सुरुंगही याच जातीचा.

पिन सापडावी म्हणून डिटेक्टर अतिसंवेदनशील करावा, तर तो खिळा, गोळीची पुंगळी, डब्याचं झाकण, सगळ्याला वाजतो. कंबोडियात १९९२ ते १९९८ या काळात जमिनीतून सुमारे २० कोटी वस्तू उकरून काढल्या गेल्या. त्यांतल्या सुरुंग किंवा अन्य स्फोटकं जेमतेम पाच लाख, म्हणजे हजारात दोन-तीन. बाकीचा सगळा भंगार. पण भंगाराचा प्रत्येक तुकडाही गुडघ्यावर बसून, तिरकी सळई हलकेच खुपसत, सुरुंगच आहे असं धरूनच उकरावा लागतो. हे काम इतकं सावकाश का चालतं, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

मग प्रश्नच बदलला तर? धातू आहे का, असं विचारण्याऐवजी स्फोटक आहे का, असं जमिनीला विचारता येईल का?

याचं उत्तर भौतिकशास्त्रात आधीच येऊन पडलं होतं. १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की, चुंबकीय क्षेत्रातली अणुकेंद्रकं ठरावीक वारंवारितेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. १९५२ चं नोबेल त्यांना मिळालं. आज इस्पितळातला एमआरआय चालतो तो याच तत्त्वावर. पण एमआरआयला अजस्र चुंबक लागतो, आणि तो काही शेतात फिरवता येत नाही. १९५० मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे हान्स डेमेल्ट आणि ह्युबर्ट क्र्यूगर यांनी पुढची पायरी गाठली. काही अणुकेंद्रकं पूर्ण गोल नसतात, त्यामुळे स्फटिकातल्या शेजारच्या विद्युतभारांच्या ओढीनेच त्यांच्या ऊर्जापातळ्या ठरतात. अशा केंद्रकांना बाहेरचा चुंबक लागतच नाही. या प्रकाराला चतुर्ध्रुवी अनुनाद म्हणतात. त्यांनी तो क्लोरीनमध्ये पाहिला. स्फोटकांच्या दृष्टीने महत्त्वाचा निघाला तो नायट्रोजन.

लष्करी स्फोटकांत नायट्रोजन असतोच. वरून रेडिओ लहरींचा ठोका दिला की घंटेसारखी त्याची केंद्रकं क्षणभर निनादतात, आणि प्रत्येक संयुगाचा सूर निराळा असतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत घरोघरी माहीत झालेलं आरडीएक्स ३.४१ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतं, तर अमोनियम नायट्रेट हे खत ४२३ किलोहर्ट्झला. त्यामुळे खत टाकलेल्या रानात घोटाळा होत नाही. हवेतला नायट्रोजन तर स्फटिकात नसल्यामुळे गप्पच राहतो. इतकी नेमकी खूण फार थोड्या शोधतंत्रांकडे असते, म्हणूनच मला हे तंत्र इतकं मोलाचं वाटतं.

घोडं अडलं ते टीएनटी या स्फोटकापाशी, आणि बहुतेक सुरुंगांत टीएनटीच असतो. त्याचा प्रतिसाद ८४० किलोहर्ट्झच्या आसपास येतो. पुण्यात वर्षानुवर्षं आकाशवाणी लागायची ती ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे हा पट्टा थेट मीडियम वेव्हचा. मुळात तो सूर विलक्षण क्षीण, आणि आजूबाजूला रेडिओ केंद्रांचा गजर. शिवाय एकदा ठोका दिल्यावर टीएनटीची केंद्रकं पूर्वपदावर यायला काही सेकंद घेतात, तोवर पुढचा ठोका देऊन उपयोग नसतो. आरडीएक्सला त्याच कामाला काही मिलिसेकंद पुरतात. भरीला वाळूतली गारगोटी आणि धातूचे तुकडेही रेडिओ ठोक्याने किणकिणतात आणि खोटा प्रतिसाद देतात.

तरी माणसं चिकटून राहिली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात जॉन स्मिथ, कालिनिनग्रादमध्ये वादिम ग्रेचिश्किन, लुब्लियानात रॉबर्ट ब्लिंट्स, अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत ॲलन गॅरोवे. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर बॉम्बने प्रवासी विमान उडवलं गेलं, आणि विमानतळांवरच्या स्फोटक-तपासणीकडे पैसा वळला. सॅन डिएगोच्या क्वांटम मॅग्नेटिक्स या कंपनीने याच तंत्राने सामान तपासणारी यंत्रं बनवली. बॅग धातूच्या पेटीत, लहरी सोडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या मधोमध ठेवता येते आणि बाहेरचा रेडिओ अडवता येतो. शेतात वेटोळं एकाच बाजूने धरावं लागतं, आणि सुरुंग जितका खोल, तितका प्रतिसाद झपाट्याने विरतो. प्रवाशांच्या बॅगेला जे आधी मिळालं ते कंबोडिया-अंगोलातल्या शेतकऱ्याला मिळायला आणखी दोन-तीन दशकं जावी लागली. अडचण तांत्रिक होती हे खरं. पण बॅगेमागे गिऱ्हाईक होतं आणि शेतकऱ्यामागे नव्हतं, हेही तितकंच खरं.

शेवटी मदत आली ती तांब्याच्या खाणीतून. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने पट्ट्यावरून सरकणाऱ्या खनिजात तांबं किती, हे बाहेरच्या चुंबकाशिवाय चालणाऱ्या अशाच अनुनादाने मोजायला सुरुवात केली. तिथे ऐकायचं ते चॅल्कोपायराइट या खनिजातल्या तांब्याच्या केंद्रकांचं, सुमारे १८.५ मेगाहर्ट्झवर. २०१७ मध्ये त्यासाठी नेक्स्टओर ही कंपनी निघाली. खाणीच्या धबडग्यात क्षीण प्रतिसाद वेगळा काढण्याचं हे कसब पुढे सुरुंगांकडे वळवलं गेलं, आणि त्यातून एमरीड उभी राहिली.

धातूच्या कवचातल्या सुरुंगापुढे हे तंत्र आंधळंच आहे, कारण रेडिओ लहरी कवचाच्या आत शिरत नाहीत. तिथे जुना डिटेक्टरच कामी येतो. म्हणून दोघांना जोडीने वापरण्याचा विचार पुढे आला. आधी डिटेक्टर वाजेल, मग त्याच जागी अनुनादाचं यंत्र धरून खाली स्फोटक आहे का, हे तपासायचं. निव्वळ भंगार आहे अशी खात्री देता आली, तर तिथे सळई घेऊन गुडघ्यावर बसावं लागणार नाही.