द्राक्षमळ्यातले कामकरी (दाखला)

येशूने सांगितलेला हा दाखला बायबलमध्ये फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात (म्हणजे मत्तयने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात) आहे, अध्याय २०, वचनं १ ते १६. मार्क, लूक, योहान या बाकीच्या तीन शुभवर्तमानांत नाही. मराठीत कुणी दाखला म्हणतं कुणी दृष्टांत, आणि दृष्टांत म्हटलं की आपल्याकडे चक्रधरांचा दृष्टांतपाठ आठवतोच, त्यात गोष्टीनंतर दार्ष्टांतिक येतं, म्हणजे गोष्टीचा अर्थ उलगडून दिलेला असतो. इथे तसा उलगडा जवळजवळ नाहीच, म्हणून तर दोन हजार वर्षं लोक त्याच्यावर भांडतायत.

गोष्ट अशी. एक मळेवाला पहाटे बाजारात जातो, दिवसाचा एक दीनार ठरवून माणसं घेतो. दीनार म्हणजे तेव्हा मजुराची एका दिवसाची मजुरी. मग तो सकाळी नऊला परत जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि पाचलाही जातो (मूळ मजकुरात 'अकरावा तास', कारण तास सूर्योदयापासून मोजायचे). पाचला उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. सहाला वाटप, तेही शेवटी आलेल्यांपासून, आणि सगळ्यांना सारखा एकेक दीनार. पहाटेचे अर्थातच कुरकुरतात, आम्ही दिवसभर उन्हात मेलो आणि हे तासभर येऊन आमच्या बरोबरीला?

मुंबईकराला हे चित्र वेगळं समजवावं लागत नाही. सकाळी आठला उपनगरातल्या कुठल्याही मजूर नाक्यावर बघा, मिस्त्री, बिगारी, रंगारी थापी-ब्रश आणि डबा घेऊन उभे, मुकादम येतो, बोट दाखवतो, चार जण टेम्पोत चढतात. दहा वाजून गेले की बाकीचे घरी जातात, खाडा. गिरण्या होत्या तेव्हा बदली कामगार असेच रोज गेटवर येऊन उभे राहायचे, आज कुणाची गैरहजेरी आहे का बघायला. पाचपर्यंत नाक्यावर थांबलेला माणूस आळशी नसतो, त्याच्या घरी पीठ संपलेलं असतं. प्रवचनांत मात्र बऱ्याचदा त्याला आयुष्यभर मजा करून म्हातारपणी देवाकडे वळलेला माणूस करून टाकतात. माझ्या मते तिथेच अर्थ घसरतो.

तरी तो अर्थ जुना आहे हे मान्य करायला हवं. मळा म्हणजे देवाचे लोक, हे बायबलच्या जुन्या करारातल्या यशया ग्रंथाच्या ५व्या अध्यायातून आलेलं. मालक देव, संध्याकाळ न्यायाची. तासांबद्दल दोन परंपरा: पोप पहिला ग्रेगरी म्हणतो की हे जगाचे कालखंड, आदाम ते नोहा, नोहा ते अब्राहाम, अब्राहाम ते मोशे, मोशे ते ख्रिस्त आणि नंतरचा अकरावा तास आपला. योहान क्रिसोस्तोम वगैरे जुने ख्रिस्ती धर्मपंडित तास माणसाच्या वयावर लावतात, कुणी लहानपणी येतो कुणी म्हातारपणी. क्रिसोस्तोमच्याच नावावरचं एक प्रवचन ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या) चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री वाचतात, त्यात अकराव्या तासाला आलेल्यालाही घाबरू नकोस म्हटलंय. ऑगस्टीन या दुसऱ्या जुन्या धर्मपंडिताच्या मते दीनार म्हणजे सार्वकालिक जीवन, ते कुणाला पाऊण कुणाला सव्वा असं देता येत नाही. पण तोच बजावतो की उशिरा जाऊ म्हणून बसू नका, पाच वाजेपर्यंत जगाल असं वचन कुणी दिलेलं नाही.

पहिले कामकरी म्हणजे यहुदी आणि शेवटले म्हणजे इतर, असंही वाचन खूप चाललं आणि त्याने यहुद्यांबद्दल तिरस्कारच वाढवला. खरं तर हा दाखला शिष्यांना सांगितलेला आहे. आधीच्याच अध्यायात पेत्र हा शिष्य विचारतो, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? म्हणजे पहाटेचा कामकरी तोच. आजचा अर्थ लावायचा तर 'आमची चौथी पिढी या चर्चमध्ये' म्हणणारे आपण आणि परवा भाड्याच्या खोलीत राहायला येऊन मागच्या बाकावर बसलेलं कुटुंब, इथे तो लावावा. मालकाचं शेवटचं विचारणं मूळ ग्रीकमध्ये शब्दशः असं आहे की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे का. मराठीत ते फार सहज येतं: माझं चांगुलपण तुझ्या डोळ्यात खुपतंय का?

आणि तो कुरकुरणाऱ्याला 'मित्रा' म्हणतो तेही तितकंसं गोड नाही, मत्तयमध्ये हाच शब्द येशू स्वतःला धरून द्यायला आलेल्या यहूदा या शिष्याला वापरतो.

यरुशलेमी तालमुदात, म्हणजे यहुद्यांच्या एका जुन्या धर्मग्रंथात, अशीच एक गोष्ट आहे, रब्बी बून बार हिय्या तरुणपणी वारले तेव्हा सांगितलेली. तिथेही थोडा वेळ काम करणाऱ्याला राजाकडून पूर्ण मजुरी मिळते, पण राजा म्हणतो, याने दोन तासांत तुमच्या दिवसभराएवढं काम केलं. येशूच्या गोष्टीत असं कारणच नाही. मालक स्वतः पाच वेळा नाक्यावर जातो (घरात कारभारी असताना!) आणि देतो, बस.

मुंबईशी याचा अजून एक धागा आहे. दाखल्यातल्या 'या शेवटच्यालाही' या वचनावरून जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने अर्थशास्त्रावरच्या पुस्तकाचं नाव 'अन्टू धिस लास्ट' ठेवलं, ते गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्ग-डर्बन प्रवासात वाचलं, १९०८ मध्ये गुजरातीत उतरवून 'सर्वोदय' नाव दिलं. मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली आणि ६ एप्रिल १९१९ ला सत्याग्रह म्हणून तेच पुस्तक 'हिंद स्वराज'बरोबर मुंबईच्या रस्त्यांवर उघडपणे विकलं गेलं. रस्किनने दीनाराला सार्वकालिक जीवन न म्हणता मजुरीच म्हटलं, माणसाला जगायला लागते ती.

कॅथलिक चर्चमध्ये हा उतारा तीन वर्षांतून एकदा, साधारण सप्टेंबरात, रविवारच्या मिस्सेला (उपासनेला) येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरं हमखास विचारतात, मग दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला कोण जाईल? दाखल्यात दुसरा दिवस नाहीच. मालकाने कुरकुरणाऱ्याला 'तुझं घे आणि जा' म्हटल्यावर तो दोन-तीन वाक्यांत संपतो, आणि पुढच्याच वचनात येशू बारा शिष्यांना घेऊन यरुशलेमच्या वाटेला लागलेला असतो.