दहा लुकलुकी, छप्पन्न सेकंद

वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३,२०० आहे. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळलं. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असू शकतो, बॅटरी मारून पाहून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नागपूरहून आमच्याकडे, हिंगणघाटजवळच्या गावी आला, तो गेम खेळायचा कॉम्प्युटर घेऊनच. आत आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड. “मामा, हे रातभर चालू ठेवलं तं झोपेत पैसे येतात,” असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आधी मीटरपाशी चल. फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं, एकटा कॉम्प्युटर मायनिंग, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी कमावण्याचं काम, करत ठेवला आणि मोबाईलमधलं घड्याळ लावून लुकलुकी मोजल्या. दहांना छप्पन्न सेकंद लागले. या हिशेबाने तासाला सुमारे ६४०. त्याला ३,२०० ने भागलं की ०.२ किलोवॅट. दोनशे वॅट. दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४.

एवढ्या विजेत ते यंत्र नेमकं करतं काय? बहुतेक लोक सांगतात, ‘अवघड गणितं सोडवतं.’ हे अर्धवट खरं आहे. गणित अवघड मुळीच नाही, ते फक्त असंख्य वेळा करायचं असतं. मजकुराला दळणारी एक गिरणी आहे असं समजा. बिटकॉइनच्या गिरणीचं नाव एसएचए-२५६. तिच्यात एक ओळ टाका की अख्खा ग्रंथ, बाहेर कायम २५६ बिटांचं, म्हणजे २५६ शून्य-एकांचं, पीठ पडतं. त्याला हॅश म्हणतात. पीठ पाहून दाणा कोणता होता ते सांगता येत नाही, आणि मूळ मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळं पीठ वेगळं निघतं. मायनिंगवाल्याने नव्या व्यवहारांची चळत घ्यायची, तिला ब्लॉक म्हणतात, तिला एक मनाचा आकडा जोडायचा आणि दळायचं. हॅशच्या सुरुवातीला ठरल्याइतकी शून्यं आली तर जिंकलो, बक्षिसाची नाणी आपली, नाही तर आकडा बदलून पुन्हा. इथे हुशारीचा काही उपयोग नाही, डोक्याची जागा विजेने घेतलेली असते. पण जिंकलेला आकडा खरा की खोटा हे कुणालाही एकदा दळून क्षणात तपासता येतं. शोधायला कष्ट प्रचंड आणि तपासायला फुकट, या एका विषमतेवर ही सगळी व्यवस्था उभी आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचं पीठही मिसळलेलं असतं, म्हणून जुनी नोंद बदलायची तर तिच्यापासून पुढची सगळी दळणं पुन्हा करावी लागतात आणि बाकीचं जग तोवर पुढे गेलेलं असतं.

बिटकॉइन रचणाऱ्या सातोशी नाकामोतो या टोपणनावामागे कोण आहे ते अजून उघड झालेलं नाही, पण ३ जानेवारी २००९ रोजी त्या नावाने पहिला ब्लॉक काढला तेव्हा साध्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर पुरत होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाकामोतोंनी लिहिलं होतं की ग्राफिक्स कार्डांची चढाओढ शक्य तितकी लांबवावी. सहा महिनेही लांबली नाही. २०१० मध्ये लोकांनी कार्डं जुंपली. कारण सरळ आहे. प्रोसेसर म्हणजे चार-आठ तरबेज कारागीर, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे कापूस वेचायला आलेली हजारोंची फौज. काम एकच, साधं, आणि एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही. आरटीएक्स ३०६० मध्ये अशी ३,५८४ गणनकेंद्रं आहेत. पुढे २०१३ पासून फक्त एसएचए-२५६ साठीच घडवलेल्या चिप आल्या, त्यांना एसिक म्हणतात, आणि बिटकॉइनपुरती कार्डांची सद्दी संपली.

किती संपली? २०२५ मध्ये साऱ्या जगातल्या बिटकॉइन यंत्रांचा एकत्र वेग सेकंदाला एकावर एकवीस शून्यं इतक्या हॅशच्या घरात पोचला. एखादं कार्ड सेकंदाला दोनशे कोटी हॅश करतं असं धरा. दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक निघतो. मग त्या कार्डाला एकट्याने एक ब्लॉक मिळायला सरासरी ९५ लाख वर्षं लागतील. भाच्याने हा भागाकार दोनदा करून पाहिला.

म्हणून घरच्या कार्डाने बिटकॉइन काढत नाहीत, दुसरी नाणी काढतात. या नाण्यांच्या गिरण्या मुद्दाम अशा रचल्या आहेत की नुसती गणनाची ताकद पुरत नाही, मेमरी लागते. इथेरियमचं उदाहरण मला फार आवडतं, कारण तिथे कार्डाचा वेग कागदावर काढता येतो. इथेरियमची ईथॅश ही पद्धत कार्डाच्या मेमरीत काही गिगाबाइटचा एक तक्ता तयार करायची, आणि प्रत्येक प्रयत्नाला त्यातल्या ६४ अनपेक्षित जागांवरून १२८-१२८ बाइट वाचायची. म्हणजे एका हॅशला ८,१९२ बाइटची ने-आण. आरटीएक्स ३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० गिगाबाइट हलवू शकते. भागा. सेकंदाला साधारण चार कोटी चाळीस लाख हॅश. मेमरीचा वेग थोडा वाढवून लोक प्रत्यक्षात पावणेपाच-पाच कोटींपर्यंत जायचे. गणनकेंद्रं मात्र बराच वेळ मेमरीची वाट पाहत बसायची, म्हणून त्यांची वीज खुशाल कमी करता यायची. १७० वॅटचं कार्ड ११०-१२० वर आणलं तरी वेग जवळजवळ तोच. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने तर फेब्रुवारी २०२१ मध्ये हे कार्ड आणताना इथेरियमसाठी त्याचा वेग मुद्दाम निम्म्यावर अडवला होता, कारण खेळणाऱ्यांना कार्डं मिळेनाशी झाली होती. आणि तो तक्ता वाढत जायचा. २०२० च्या शेवटी तो चार गिगाबाइटच्या पुढे गेला आणि तेवढ्याच मेमरीची लाखो कार्डं त्या कामापुरती भंगार झाली.

मग १५ सप्टेंबर २०२२ उजाडला. त्या दिवशी इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि नाणी तारण ठेवणाऱ्यांकडून हिशेब लिहून घेण्याची पद्धत स्वीकारली. त्या जाळ्याचा वीजवापर नव्याण्णव टक्क्यांहून जास्त घटला. जगभरची बेकार कार्डं इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन, अर्गो अशा लहान नाण्यांवर तुटून पडली. रोजचं बक्षीस जेवढ्यास तेवढंच असतं, वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. युट्यूबवर अजून जे ‘महिन्याला इतके हजार’वाले व्हिडिओ फिरतात, त्यांची तारीख पाहा. बहुतेक या दिवसाच्या आधीचे निघतात.

सुरुवात करणं तसं सोपं आहे. आठ गिगाबाइट किंवा जास्त मेमरीचं कार्ड, एक पाकीट आणि एक मायनिंगचा प्रोग्रॅम. पाकीट म्हणजे खरं तर बारा किंवा चोवीस शब्दांची एक किल्ली. ती वहीत लिहून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवावी, तिचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवू नये. प्रोग्रॅम मूळ ठिकाणाहूनच उतरवावा, कारण व्हॉट्सॲपवर आलेल्या फायलीत बहुधा दुसऱ्याचंच पाकीट भरलेलं असतं. एकट्याने नशीब अजमावण्यापेक्षा पूलमध्ये शिरावं. गावातल्या पन्नास जणांनी वर्गणी काढून लॉटरीची तिकिटं घ्यावी आणि लागलं तर वर्गणीच्या प्रमाणात वाटून घ्यावं, तसा पूल. तो एखादा टक्का दलाली कापतो. इंटरनेट किती लागतं? अगदी थोडं. आमच्याकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चाललं, कारण ये-जा फक्त छोट्या निरोपांची असते, दळण सगळं कार्डातच होतं. आणि ‘मोबाईलवर मायनिंग करा’ म्हणणारं ॲप दिसलं तर ते काढून टाका, एवढंच.

आता पुन्हा मीटर. भाच्याच्या पूलवर दिवसाला सरासरी पंचवीस रुपये दिसत होते. युनिटला दहा रुपये धरले तर वीज अठ्ठेचाळीस रुपयांची. त्यातही एक मेख आहे, जी दर विचारून कळत नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याचे आहेत: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जातो. आमच्या घराला महिन्याला नव्वद युनिट लागतात. त्यावर १४४ चढले की दहा सोडून बाकी सगळे वरच्या दराने. कार्डाची वीज सरासरी दराने मोजायची नसते, बिलातल्या शेवटच्या युनिटच्या दराने मोजायची असते.

“मंग शेतातल्या मोटरच्या लाइनवर?” हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं. पारावर दोघांनी आधीच सुचवलं होतं. कृषिपंपाची वीज पंपासाठीच असते. दिलेल्या कामाहून वेगळ्या कामाला ती वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. तारेवर आकडा टाकणं तर सरळ चोरी. घरगुती मीटरवर खोलीभर कार्डं लावून धंदा मांडला तरी हाच प्रश्न उभा राहू शकतो. छतावर सौर पॅनल असेल तर? एक किलोवॅटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला चारेक युनिट देतं, कॉम्प्युटरला लागतात ४.८.

पण विदर्भात खरा वैरी उन्हाळा. कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या दोनशे वॅटचं शेवटी काय होतं? उष्णता. सगळ्याची. हॅशमध्ये ऊर्जा साठत नाही, तारेतून बाहेर जात नाही. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो, म्हणजे खोलीत दोन पाहुणे चोवीस तास बसवून ठेवल्यासारखं. जानेवारीच्या थंडीत हे पाहुणे बरे वाटतात. पंखा आणि वीज तीच ठेवली तर कार्ड खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच गरम राहतं. आमच्याकडे खोली २२ अंशांवर असताना कार्ड ५८ दाखवत होतं, फरक ३६ चा. मे महिन्यात दुपारी बंद खोली ४३ वर गेली की तेच कार्ड ७९. सुमारे ८३ ला ते स्वतःला आवरू लागतं, वेग पाडतं. कूलर लावावा तर त्याची मोटर आणि पंप मिळून कार्डाएवढीच वीज खातात, वर दमट वारा आणि खारं पाणी.

आणि कापूस. भाव चढेल म्हणून आपण तो घरातच गंजी मारून ठेवतो. रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि कार्डाच्या पंख्यामागच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. आठवडाभरात कार्ड सहा अंशांनी वर गेलं ते यामुळेच, ब्रशने झाडल्यावर खाली आलं. हे तरी किरकोळ. कापसाच्या खोलीत रात्रंदिवस करंट ओढणारं यंत्र ठेवायचं नाही, यावर मी अडून बसलो. चौथ्या रात्री स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड सॉकेटपाशी वितळून पिवळा पडला होता. सैल पत्तीचा सांधा तापतो, तापून आणखी सैल होतो. सुदैवाने तोवर कॉम्प्युटर ओसरीत आला होता.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. भाचा म्हणे कॉम्प्युटर खराब. तसं नव्हतं. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळून जमिनीत सोडणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. घरात अर्थिंगच नसेल तर ते कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा करतात. करंट अगदी थोडा असतो, पण झटका तो झटकाच. खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं, मुंग्या थांबल्या. या सगळ्या उद्योगातून घराला मिळालेली ही एक कायमची वस्तू.

एवढं करून नाणी हाती आलीच, तर करही आहे. १ एप्रिल २०२२ पासून विकून झालेल्या नफ्यावर तीस टक्के आणि वर उपकर. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. आणि मायनिंगच्या यंत्रणेवर झालेला खर्च नाण्याची खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. कापसात निदान बियाणं-खताचा खर्च तरी मोजतात.

महिन्याने बिल आलं. भाच्याने स्वतःच बेरीज-वजाबाकी केली, प्रोग्रॅम काढला आणि कार्ड परत गेमला लावलं. पण लुकलुकी मोजायचा नाद काही सुटला नाही. एका संध्याकाळी सगळं बंद करून तो फ्रिज मोजत बसला. दहांना चौऱ्याण्णव सेकंद, म्हणजे १२० वॅट. अर्धा तास झाला तरी आकडा तोच, कॉम्प्रेसर बंद व्हायचं नावच घेईना.

“मामा,” आतून आवाज आला, “फ्रिजच्या दाराचं रबर गेलं वाटते.”