जोर्वे मृद्भांडी

जोर्वे मृद्भांडी : महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन चित्रित लाल मृद्भांड्यांचा एक प्रकार. संगमनेर तालुक्यात (जि. अहिल्यानगर) प्रवरेकाठच्या जोर्वे गावी ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, त्यावरून हे नाव पडले. तेथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडीही निघाल्या. गावाचे नाव मात्र खापरांनी राखले. नेवासे, दायमाबाद, चांदोली, इनामगाव, प्रकाशे ही अन्य प्रमुख स्थळे. कोकण किनाऱ्यावर हा प्रकार आढळत नाही.

माती चांगली गाळून घेतलेली, घडण चाकावरची आणि भाजणी इतकी पक्की की खापरावर टिचकी मारली असता धातूसारखा नाद येतो. पृष्ठभाग लाल वा नारिंगी, बिनचकाकीचा. त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेषा, जाळी, चौकटी असे भौमितिक नक्षीकाम. पोटाशी कोन काढलेले वाडगे, उंच गळ्याचे गोल घडे आणि नळीसारख्या तोटीची भांडी हे ठळक आकार. तोटी वेगळी घडवून अंगाला जोडीत.

उगमाबद्दल एकमत नाही. मध्य प्रदेशातील नावडातोली येथील पन्हळीसारख्या तोटीच्या पेल्यांचे इराणमधील सियाल्कच्या भांड्यांशी साम्य दाखवून सांकलियांनी पश्चिम आशियाई संबंध सुचविला, आणि तोटीच्या जोर्वे भांड्यांचा विचारही पुढे त्याच अंगाने होत राहिला. परंतु नळीची तोटी आणि उघडी पन्हळ या घडणीच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. इनामगावी माळवा भांड्यांच्या (मध्य भारतातील ताम्रपाषाणयुगीन चित्रित भांड्यांचा प्रकार) थरांवर जोर्वे थर येतात व काही आकार पुढे चालू राहतात. त्यामुळे माळवा परंपरेतून स्थानिक विकास हे मत अधिक ग्राह्य वाटते. दायमाबादच्या स्तरक्रमातही माळवा आधी आणि जोर्वे नंतर येते.

कालखंड सामान्यतः इ. स. पू. सु. १४०० ते ७००, त्याचे पूर्व व उत्तर (सु. १००० नंतरचा) असे टप्पे इनामगावच्या उत्खननावरून (१९६८–८२) मानतात. उत्तर टप्प्यातील लहान गोल झोपड्या व एकंदर घसरण यांचे कारण पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर हवामानाच्या वाढत्या कोरडेपणात शोधतात.

जोर्वे भांडी वापरणाऱ्या लोकांची जाड, हाताने घडविलेली राखी भांडीही मिळतात. घराच्या जमिनीखाली लहान मुलांना पुरताना असे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत. इनामगावी एका प्रौढाला चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेले आढळले.