चढायला दोन पेन्स, उतरायला एक

इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या मॅटलॉक गावात १८९३ ते १९२७ अशी ३४ वर्षं केबलने ओढली जाणारी ट्राम धावत होती. तिचं मूळ मात्र पाण्यात आहे.

जॉन स्मेडली हा जवळच्याच ली मिल्सचा गिरणीमालक. जलोपचाराने स्वतःला गुण आल्यावर त्याने १८५३ मध्ये मॅटलॉक बँक या चढावरच्या वस्तीत ‘हायड्रो’, म्हणजे राहून जलोपचार घेण्याचं ठिकाण, काढलं. ओल्या चादरीत गुंडाळणं, गार पाण्याच्या धारा, बेताचं खाणं असा तिथला खाक्या. बघता बघता त्या उतारावर आणखी हायड्रो उभी राहिली. पंचाईत अशी की रेल्वे स्टेशन खाली नदीकाठी आणि उपचार वर. मधला बँक रोड इतका खडा, की साडेपाच फूट चालावं तेव्हा एक फूट चढ. गुडघ्यांवर इलाज करायला आलेल्याने आधी गुडघेच पणाला लावायचे!

सॅन फ्रान्सिस्कोसारखी केबल ट्राम इथेही आणावी, ही कल्पना जॉब स्मिथ या स्थानिक माणसाची मानली जाते. पैशाचं बळ दिलं जॉर्ज न्यून्सने. शेरलॉक होम्सच्या कथा छापणारं ‘स्ट्रँड’ मासिक त्याचंच, आणि त्याचा जन्म शेजारच्या मॅटलॉक बाथचा. २८ मार्च १८९३ ला ट्राम सुरू झाली. रस्त्याखालच्या खाचेतून केबल फिरायची आणि ती ओढणारं वाफेचं इंजिन वरच्या डेपोत असायचं. खालच्या क्राउन स्क्वेअरपासून वर जायला दोन पेन्स, खाली यायला एक. उतरताना लोक पायीच निघणार, हे दर ठरवणाऱ्यांनी बरोबर ओळखलं असावं.

नफ्याचं गणित मात्र जमलं नाही. शेवटी न्यून्सने इतरांचे शेअर विकत घेऊन १८९८ मध्ये ट्राम गावाच्या कौन्सिलला देऊन टाकली. भेट म्हणून उदारच, पण सोबत तोटाही कौन्सिलच्या गळ्यात पडला. पुढे बस आणि मोटारी तो चढ चढू लागल्या आणि ३० सप्टेंबर १९२७ ला ट्राम बंद झाली.

न्यून्सच्याच पैशातून डेव्हनमध्ये लिंटन-लिनमथची कडा चढणारी रेल्वे १८९० मध्ये सुरू झाली होती. तिथे वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, त्या वजनाने तो खाली येतो आणि केबलने जोडलेला दुसरा वर जातो. कोळशाचा खर्चच नाही. ती आजही चालू आहे.